'आक्रमक' कोणी ठरवला?

रविवारी सकाळी आमच्याकडे माणसे अर्ज लिहून घ्यायला येतात. कुणाचे रेशनकार्ड अडलेले असते, कुणाची जात पडताळणी रखडलेली असते, कुणाचा तीन महिन्यांचा पगार ठेकेदाराने दाबलेला असतो. हे अर्ज आता आम्हाला तोंडपाठ झाले आहेत. मागच्या महिन्यात मात्र असा एक अर्ज आला, की त्याचा विषय काय लिहावा हेच आम्हाला सुचेना.

अर्जदार आमच्याच वस्तीतला. वय पंचेचाळीसच्या आसपास. वीस वर्षे हातात स्टिअरिंग. आधी ट्रक, मग टेम्पो, आणि आता एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची रात्रपाळीत ने-आण करणारी गाडी. गाडी ठेकेदाराची, मोबाईल ह्याचा स्वतःचा, आणि मोबाईलमधले ॲप तिसऱ्याच कुणाचे. त्याने मोबाईल आमच्यापुढे धरला. पडद्यावर लाल पट्टी होती. 'वाहन चालवण्याची शैली : आक्रमक. गुण १०० पैकी ५८.' एवढ्या एका पट्टीच्या जोरावर ठेकेदाराने त्याची तीन दिवसांची ड्यूटी काढून घेतली होती.

"सर, मी कुणाला धडक दिली नाही, कुणाशी भांडलो नाही, कुणाला शिवी दिली नाही. मग मी आक्रमक कसा काय?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ठेकेदारापाशीही नव्हते. तो म्हणाला, कंपनीकडून येते. कंपनीतला साहेब म्हणाला, सिस्टीमकडून येते. सिस्टीमला तोंड नसते, त्यामुळे ती काहीच म्हणत नाही. तेव्हा अर्ज बाजूला ठेवून आम्ही ही सिस्टीम म्हणजे काय प्रकरण आहे ते समजून घ्यायला बसलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. आपल्या वस्त्यांतल्या किती चुली स्टिअरिंगवर पेटतात हे आम्ही वेगळे सांगायला नको. रिक्षा, टेम्पो, स्कूलबस, घंटागाडी, एसटी, कॅब आणि आता डिलिव्हरीची दुचाकी.

'शैली' हा शब्द आम्ही आजवर लेखकाच्या, शाहिराच्या बाबतीत वापरत आलो. गाडी चालवणाऱ्यालाही शैली असते, आणि ती ओळखण्याचे एक शास्त्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभे राहिले आहे, ही माहिती आम्हालाही नवीच होती. मोबाईल आडवा धरला की पडद्यावरचे चित्र आडवे होते. ते ज्या बारीक भागामुळे होते त्याला प्रवेगमापक म्हणतात. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली अशा तीन दिशांना किती धक्का बसला हे तो सेकंदाला अनेक वेळा नोंदवतो. त्याच्या शेजारचा दुसरा भाग वळणे मोजतो. जीपीएस जागा आणि वेग सांगतो. डॅशबोर्डखालच्या सॉकेटात यंत्र जोडले, तर इंजिनाचे फेरे आणि ॲक्सिलरेटरवरचा पायसुद्धा कळतो. शिवाय १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बस-टॅक्सीसारख्या सार्वजनिक सेवेच्या नव्या वाहनांना जागा कळवणारे यंत्र सरकारनेच सक्तीचे केले आहे. म्हणजे आकडे गोळा होण्याची सोय जागोजागी झाली आहे. २०११ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत डेरिक जॉन्सन आणि मोहन त्रिवेदी यांनी केवळ स्मार्टफोन वापरून चालकाची शैली ओळखून दाखवली. त्यानंतर महागड्या यंत्राची गरजच उरली नाही.

आकड्यांच्या ढिगातून 'आक्रमक' हा शब्द कसा बाहेर येतो, हे पाहणे महत्त्वाचे. सगळ्यात सोपी रीत म्हणजे रेघ आखणे. गुरुत्वाकर्षणाच्या तीस-चाळीस टक्क्यांहून मोठा झटका बसला की एक 'जोरदार ब्रेक' मोजायचा आणि गुण कापायचा. यात लपवाछपवी कमी असते. रेघ कुठे आहे हे सांगितले, तर चालकाला ती पाहता तरी येते.

दुसरी रीत जास्त हुशारीची. यंत्राला सांगायचे, की या हजार चालकांचे तीन गट पाड. यंत्र सारख्याला सारखे जोडत जाते आणि तीन गट पाडून देते. मग माणूस त्या गटांना नावे देतो : शांत, सामान्य, आक्रमक. आता एक वर्ग डोळ्यांपुढे आणा, ज्यात सगळ्याच मुलांना नव्वदच्या वर गुण आहेत. मास्तरांना हुकूम आला, की तीन गट पाडा आणि शेवटच्या गटाला 'ढ' म्हणा. मास्तर गट पाडतील. एक्क्याण्णव गुणांचे पोर 'ढ' ठरेल. यंत्राला तीन गट मागितले, तर ते तीनच देते. चारही मागितले तर चार देते. सगळे चालक चांगले आहेत, गट पाडण्यासारखे काही नाही, असे ते आपण होऊन सांगत नाही. शेवटच्या गटात कुणी ना कुणी असणारच. ठप्पा मारणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना नव्याने शिकवण्याची गरज नाही.

तिसरी रीत शिकवण्याची. आधी माणसांनी नावे लावलेल्या प्रवासांचे आकडे यंत्राला दाखवायचे आणि त्यावरून नव्या चालकाचे नाव ठरवायला लावायचे. इथे सगळी गंमत 'आधी नावे कोणी लावली' यात आहे. संशोधकांनी फार वापरलेला एक संच स्पेनमधल्या अल्काला विद्यापीठाने २०१६ साली सर्वांसाठी खुला केला. सहा चालक, दोन प्रकारचे रस्ते, पाचशेहून थोडी अधिक मिनिटे. या सहा जणांना सांगितले होते, की एकदा नेहमीसारखी चालवा, एकदा झोप आल्यासारखी चालवा, एकदा आक्रमक चालवा. म्हणजे त्यातला आक्रमकपणा वठवलेला आहे. त्या संशोधकांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी जे केले ते उघड सांगितले, आणि जिवंत माणसाला खरोखर झोपेत गाडी चालवायला लावणे कुणालाच शक्य नाही. पण स्पेनच्या गुळगुळीत हमरस्त्यावर सहा जणांनी वठवलेल्या सोंगावरून उद्या भिवंडीच्या टेम्पोवाल्याची परीक्षा होणार असेल, तर त्याने ती का मान्य करावी? आमच्या अर्जदाराच्या मोबाईलमधले यंत्र कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या गाडीत शिकून आले, हे कंपनीने त्याला सांगितलेले नाही.

मानसशास्त्राची मंडळी जरा वेगळ्या वाटेने गेली. २००४ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी ४४ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. चालकालाच विचारायचे : गर्दीत तुम्हाला राग येतो का, धास्ती वाटते का, मन भरकटते का? त्यातून शैलीच्या आठ बाजू निघाल्या. त्यांत रागीट चालक आहे, घाबरट आहे, संयमीही आहे. आता बघा, रागीट चालक ब्रेक जोरात दाबतो आणि घाबरटही जोरातच दाबतो. मोबाईलला दोघांचा झटका सारखाच दिसतो. मन त्याला दिसत नाही, आणि 'आक्रमक' हा शब्द तर मनाचा आहे.

आमच्या अर्जदाराला आठवड्यातून दोनदा घाटातून जावे लागते. म्हणून आम्ही वहीत जरा हिशेब मांडला. शाळेतले सूत्र आहे, वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. घाटात ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी ३६ किलोमीटरने वळवली, तर आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक तृतीयांश येतो. म्हणजे रेघेला लागला. महामार्गाच्या ३०० मीटर त्रिज्येच्या वळणावर तोच चालक ताशी ८०ने गेला, तर झटका एक षष्ठांश, बरोबर निम्मा. म्हणजे छत्तीसच्या वेगाचा माणूस आक्रमक आणि ऐंशीच्या वेगाचा शांत. ज्याच्या वाट्याला घाट आला त्याचे गुण गेले, आणि घाट कुणाच्या वाट्याला द्यायचा हे ठेकेदार ठरवतो.

दुसरा हिशेब याहून वाईट आहे. गाडी ताशी ५०ने चालली आहे आणि समोर पोर धावत आले. पाय ब्रेकवर पडल्यानंतर कोरड्या रस्त्यावर पूर्ण जोराने दाबला, तर गाडी साधारण १४ मीटरवर थांबते. गुण कापले जाऊ नयेत म्हणून रेघेच्या आत राहून दाबला, तर तीच गाडी थांबायला ३३ मीटर घेते. मधले १९ मीटर कुणाच्या हिशेबात धरायचे? पोर वाचवणारा ब्रेक आणि मस्तीचा ब्रेक यांत फरक करणारी यंत्रणा बनवता येते, नाही असे नाही. समोर कॅमेरा लावला की कारण दिसते. पण कॅमेराही मालकाच्या बाजूनेच पाहतो, असा अनुभव परदेशात आलेला आहे. २०२१ साली अमेरिकेत अमेझॉनच्या डिलिव्हरी गाड्यांत नेट्राडाइन कंपनीचे कॅमेरे बसवले गेले. दुसराच कुणी आडवा घुसला तरी नोंद आमच्यावर पडते, अशी तक्रार तिथल्या चालकांनी पत्रकारांकडे केली होती.

कुणी म्हणेल, तुम्ही चालकांची वकिली करता, रस्त्यावर मरणाऱ्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरातली साठाहून अधिक दुचाकीवर होती किंवा पायी चालत होती. म्हणजे मरणारेही बहुतांशी कष्टकरीच, हे आम्ही विसरलेलो नाही. भरधाव गाडी हाकणाऱ्या मस्तवालाला आवर घालायलाच हवा. मात्र त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू 'अतिवेग' या एका रकान्यात टाकलेले आहेत. हा रकाना भरला जातो पोलिसांच्या नोंदीवरून. तिथे खड्डा, न पेटलेला दिवा, चुकीचा दुभाजक यांना फारशी जागा नसते. खड्ड्यावर गुन्हा दाखल होत नाही, चालकावर होतो. त्या अर्थाने चालकाचे वर्गीकरण मोबाईल येण्याच्या आधीपासून चालूच आहे.

खरी गोष्ट अशी, की हेच आकडे उलट्या बाजूनेही वाचता येतात, आणि ते आपल्याच देशात वाचले गेले आहेत. २००८ साली बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्राने 'नेरिसेल' नावाचा प्रयोग केला. तोच मोबाईल, तोच प्रवेगमापक. पण त्यांनी त्यातून चालक शोधला नाही, रस्ता शोधला. धक्क्यांवरून खड्डे, ब्रेकवरून कोंडी, आणि मोबाईलच्या माइकमधून हॉर्नचा गोंगाट. हॉर्न वाजवणारा असभ्य आहे असा निष्कर्ष न काढता, या चौकात काहीतरी बिघडले आहे असा निष्कर्ष काढला. आमच्या नागपुरातही २०२१ पासून 'आयरस्ते' प्रकल्पात शहर बसगाड्यांवर धडकेचा इशारा देणारी यंत्रे बसवली गेली. इशारे जिथे पुन्हा पुन्हा वाजतात ती जागा अपघात होण्याआधीच धोक्याची म्हणून नोंदवायची, हा त्यामागचा एक हेतू. दहा वेगवेगळे चालक एकाच जागी कचकन ब्रेक दाबत असतील, तर दोष त्या जागेचा आहे, हे समजायला फार मोठी विद्या लागत नाही. आमच्या अर्जदाराच्या कंपनीकडे शेकडो गाड्यांचे असे आकडे पडून आहेत. त्यातून एखाद्या खड्ड्याला आजवर लाल पट्टी लागल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आम्ही त्याला विचारले, ॲप सगळे मोजते, मग तू झोपतोस किती हे मोजते का? तो हसला. रात्री आठला ड्यूटी सुरू, सकाळी सातला शेवटचा माणूस सोडायचा, आणि घरखर्च भागत नाही म्हणून साडेसातला शाळेची एक फेरी. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने साधारणतः दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, आणि दिवसाचे ८ तास तिच्यातही आहेत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६च्या दुरुस्तीने, कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. ऐंशी वर्षांनंतर आमच्या चालकाचा आठवडा किती तासांचा, हे सेकंदाला अनेकदा नोंद घेणाऱ्या यंत्राला माहीत नाही. माहीत नाही असे म्हणणेही चुकीचे. जीपीएस चालू आहे म्हणजे ते माहीत आहे. पण तो आकडा गुणपत्रिकेत येत नाही, कारण तो आला तर लाल पट्टी ठेकेदाराला लागेल.

युरोपात हे वेगळे घडले. तिथे ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. ब्रिटनमधल्या चालकांनी सत्तरच्या दशकात त्याला 'केबिनमधला हेर' म्हणून विरोध केला होता. आज तेच यंत्र चालकाच्या कामाचे तास मोजते. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती, दिवसाला सर्वसाधारणपणे ९ तास. मर्यादा ओलांडली तर वाहतूक कंपनीही जबाबदार. २००६च्या त्या नियमावलीत आणखी एक कलम आहे. किती किलोमीटर तोडले, किती माल वाहिला यावर पैसे ठरवल्याने रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर तसे पैसे देण्यासच मनाई आहे. आपल्याकडे एकीकडे फेऱ्यांवर पैसे आणि दुसरीकडे शांत शैलीची अपेक्षा! फेरी चुकली तर दंड, घाई केली तर लाल पट्टी. दोन्ही दंड एकाच खिशातून.

आणि हे नोकरीवाल्या चालकापुरतेच आहे असे कुणी समजू नये. गाडी कशी चालवता यावर हप्ता ठरणारा विमा विकायला विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिलेली आहे. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने ग्राहकांच्या चालवण्याची माहिती, अगदी दर तीन सेकंदांची, गोळा करून विकल्याचे २०२४ साली उघडकीला आले. ती विम्याच्या हप्त्यापर्यंत पोचली होती. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला कंपनीवर कारवाई करावी लागली. तिथे गाडीमालक ओरडला म्हणून निदान बातमी झाली.

मग आमच्या अर्जदाराने दाद मागायची कुठे? ब्रिटनमधले ओला-उबरचे चालक ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात गेले होते. त्यांतली ओला ही २०१० साली आपल्याच देशात निघालेली कंपनी. ती चालकांना 'फसवणुकीची शक्यता' म्हणून गुण लावत असे. ४ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या अपील न्यायालयाने बहुतांशी चालकांच्या बाजूने निकाल दिला. असे गुण कशाच्या आधारे लावले आणि त्यांचा कामावर काय परिणाम झाला, हे चालकाला कळले पाहिजे. युरोपच्या माहिती संरक्षण कायद्यात केवळ यंत्राच्या निर्णयाला बळी न पडण्याचा हक्क आहे, त्याच्या आधारे हे झाले. आपला माहिती संरक्षण कायदा २०२३ साली आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि प्रमुख तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात यंत्राच्या निर्णयाविरुद्ध असा हक्क नाही. उलट कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. आणि आपली माहिती पाहायला मागण्याचा कलम ११चा हक्क संमतीवर उभा आहे. संमतीच घेतली नाही, तर हक्क कुठून येणार? ही फट ज्यांनी ठेवली त्यांना ती दिसली नसेल असे आम्हाला वाटत नाही. कर्नाटकाने २०२५च्या आपल्या गिग कामगार कायद्यात, यंत्राने देखरेख होत असेल तर ती कशी होते हे कामगाराला सांगण्याचे बंधन घातले आहे, ही त्यातल्या त्यात जवळची गोष्ट.

आणखी एक भीती आम्हाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक 'हिट अँड रन'च्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता ते कलम बाजूला ठेवून लागू झाली. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे पाच वर्षांचे कलम आहेच. उद्या अपघात झाला, चूक कुणाची का असेना, तर कुणीतरी हा जुना कागद कोर्टात काढील. 'आरोपी आधीपासूनच आक्रमक होता, हे पाहा सिस्टीमचे म्हणणे.'

अखेर आम्ही अर्ज लिहिला. विषय : 'आक्रमक' या नोंदीचा खुलासा मिळणेबाबत. मागितले ते साधेच. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या जागी झटका नोंदला गेला त्याची यादी द्यावी. गुण कापण्याची रेघ कुठे आहे ते सांगावे. त्याच जागी इतर चालकांनी किती वेळा ब्रेक दाबला ते दाखवावे. नोंद चुकीची असल्यास दुरुस्त करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कळवावे. आणि गेल्या तीन महिन्यांत आपण किती तास गाडी चालवली त्याचा उतारा द्यावा. शेवटची मागणी त्याला नको होती. "तासांचं नका लिहू सर, शाळेची फेरी जाईल." आम्ही ती खोडली.

अर्जाची पोच मिळाली, उत्तर आलेले नाही. परवा तो पुन्हा भेटला. मोबाईल उघडून दाखवला. हिरवी पट्टी. 'शैली : शांत. गुण ८३.' आम्ही विचारले, हे कसे जमवलेस?

"सोपं आहे सर. पिवळा सिग्नल दिसला तर थांबायला ब्रेक मारावा लागतो, मग निघूनच जातो. खड्ड्याला पण आता जोरात ब्रेक नाही मारत, कडेनं चुकवून घेतो. कडेला कुणी चालत असलं तर तेवढं बघावं लागतं."